रानातल्या घराला कौले की पत्रा?
कोकणात गावाबाहेर, झाडीत असलेल्या वडिलोपार्जित घरावर कौले ठेवावीत की पत्रा घालावा, असे एका स्नेह्यांनी विचारले आहे. मंगलोरी कौले मे महिन्यातही घर थंड ठेवतात आणि फुटले तेवढेच कौल बदलता येते. मात्र वानरांची टोळी फणसावरून थेट छपरावर उतरत असेल, तर दरवर्षी पावसाआधी कौले चाळावी, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवावी लागतात, कौलांखालचे लाकडी वासे-रिपा वाळवीपासून जपाव्या लागतात आणि हे काम जाणणारा माणूस मजुरी देऊनही वेळेवर मिळत नाही. पत्र्याला देखभाल कमी; पण दुपारी घर तापते आणि आषाढात पावसाच्या आवाजात समोरच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. बारमाही राबता असलेल्या घरावर कौलेच हवीत. मुंबईहून गणपतीपुरते येणाऱ्यांनी पत्रा घालून खाली लाकडी माळा करून घ्यावा.