14 मिलिमीटरची गाठ काढली, स्वादुपिंड राखलं: पुण्यातल्या एका विभागाचा आमचा अनुभव

यांच्या स्वादुपिंडातली गाठ काढणाऱ्या विभागाला पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच. तक्रारही लिहायची आहे, म्हणून रुग्णालयाचं नाव देत नाही.

आमच्या यांचा दुधाचा टेम्पो आहे. पहाटे साडेतीनला उठून उपाशीपोटी कराडकडे निघायचे. एका पहाटे असंबद्ध बोलायला लागले, घामानं बनियन ओलंचिंब, मला ओळखेनात. गोड चहा पाजला, दहा मिनिटांत माणूस ठिकाणावर. पुढे दोनदा झटके आले. एका डॉक्टरांनी फीट म्हणून गोळ्या सुरू केल्या, त्या दीड वर्ष चालल्या. टेम्पो भाच्याच्या हातात गेला. सारखं खाऊन यांचं वजन 11 किलोनं वाढलं. मी रात्री 2 चा गजर लावून यांना उठवायची आणि चपाती-गूळ खायला लावायची, कारण खाल्लं की बरं वाटतं एवढं मला उमगलं होतं. पण त्या दीड वर्षात झटका चालू असताना कुणी बोटाला सुई टोचून शुगर पाहिली नाही. शेवटी नणंदेनं सासूबाईंचं मशीन लावलं. आकडा आला 38.

पुण्यात गेल्यावर पहिला प्रश्न आला, घरात कुणी शुगरच्या गोळ्या घेतं का? सासूबाई घेतात. चुकून त्या यांच्या पोटात जात नाहीत ना, हे रक्तात तपासलं. मग दाखल करून उपवासाची चाचणी. ती 72 तासांची असते. यांची 14 व्या तासालाच शुगर 41 वर आली, जीभ जड झाली. सिस्टरनं आधी रक्त घेतलं आणि मगच ग्लुकोज सोडलं. त्याच रक्तात इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत तयार होणारा पदार्थ) दोन्ही जास्त निघालं, म्हणजे इन्सुलिन शरीरातूनच येत होतं. मधे स्वयंपाकघरातून नाश्त्याचं ताट आलं होतं. यांनी हात पुढे केलाच होता, तेवढ्यात सिस्टर धावत आली. ती नसती तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं.

रोगाचं नाव इन्सुलिनोमा, म्हणजे स्वादुपिंडातली जादा इन्सुलिन सोडून शुगर पाडणारी गाठ. वर्षाला दहा लाखांत एक ते चार माणसांना होतो आणि दहातल्या नऊ जणांत गाठ साधी असते, कॅन्सरची नसते. यांची स्वादुपिंडाच्या डोक्याच्या भागात, 14 मिलिमीटर.

आधी दुसरीकडे एका सर्जनांनी व्हिपल सांगितलं होतं. म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा, सगळं काढायचं. एका साध्या गाठीसाठी एवढं? मी घरी येऊन रडले. पुण्याच्या सर्जनांनी मात्र तोंडातून सोनोग्राफीची दुर्बीण घालून गाठ आणि स्वादुपिंडातला रस वाहून नेणारी मुख्य नळी यांतलं अंतर मोजून घेतलं. 4 मिलिमीटर. केसपेपरच्या मागे पेनानं चित्र काढून म्हणाले, “ताई, नळीपासून दोन-तीन मिलिमीटर जागा असली आणि गाठ साधी असली, की नुसती गाठ सोलून काढता येते. इन्सुलिन बनवणारा भाग राहतो, पचनाचा रस राहतो.” मी शिवणकाम करते. कापडाला धक्का न लावता टीप उसवायची, असं ते मला समजलं. व्हिपल हे नाव ज्यांच्यावरून पडलं, त्या अमेरिकन सर्जन ॲलन व्हिपल यांनी ते मोठं ऑपरेशन 1935 मध्ये मांडलं. उपाशी असताना लक्षणं, तेव्हा शुगर कमी, साखर दिली की आराम, ही या रोगाची तीन खुणांची ओळखही त्यांचीच. ती दीड वर्ष माझ्या डोळ्यांसमोर होती.

सर्जनांनी दोन गोष्टी लपवल्या नाहीत. आत गेल्यावर गाठ नळीला चिकटलेली दिसली तर मोठं ऑपरेशन करावं लागेल. आणि सोलून काढल्यावर रस गळण्याची शक्यता बरीच असते. आत पुन्हा सोनोग्राफी करून मगच हात लावला. नंतर दोन-तीन दिवस शुगर 200 च्या वर राहिली, ते अपेक्षितच होतं म्हणाले; मग आपोआप उतरली.

रस गळलाच. तिसऱ्या दिवशी ड्रेनमधल्या (पोटातलं पाणी बाहेर पिशवीत आणणाऱ्या नळीतल्या) पाण्याचं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातलं पाचक द्रव्य, तपासलं, ते रक्तातल्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून कितीतरी जास्त. ड्रेन 24 दिवस राहिला, त्यातले 15 दिवस घरी. एक तारा इथे कापला. सर्जनांनी धोका सांगितला होता, पण पिशवी कशी रिकामी करायची, किती मिली आलं ते कसं लिहायचं, भोवतालची कातडी रसानं जळते तिला काय लावायचं, हे सुट्टी देताना कुणी दाखवलं नाही. कागदावर नुसतं ‘ड्रेन केअर’. मी वॉर्डमध्ये फोन लावत राहिले, चौथ्या फोनला त्याच सिस्टरनं समजावलं. दुर्बिणीच्या तपासणीचा खर्चही आधीच्या अंदाजात धरला नव्हता; तो ऐन वेळी उसना घेतला.

बायोप्सीत ग्रेड 1 आलं, म्हणजे सगळ्यात हळू वाढणारा प्रकार. सहा महिन्यांनी तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी (एचबीए1सी) 5.4 टक्के, म्हणजे नॉर्मल, पचनाची एकही गोळी नाही. फीटच्या गोळ्या मेंदूच्या डॉक्टरांनी हळूहळू बंद केल्या, आणि त्यांनी लेखी दिल्यावर हे पुन्हा टेम्पोवर बसतात.

कुणी जाणार असाल तर सीटी स्कॅनची सीडी न्या, रिपोर्टवर भागत नाही. आमची एक फेरी त्यात वाया गेली. आणि गाठ ते नळी अंतर किती, हे सही करण्याआधी विचारा. आकडा सांगतात.