काश्मीरची 'घरची गाडी': पैसे आमचे घेतले, चालकाला दिलेच नाहीत

काश्मीरला खासगी गाडी ठरवणार असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा.

श्रीनगर विमानतळ, गुलमर्ग, पहलगाम, सोनमर्ग आणि परत विमानतळ, असं सगळं आम्ही एका टॅक्सीवाल्या कुटुंबाकडे फोनवर ठरवलं. वडील, दोन मुलगे, घरच्याच गाड्या, असं त्यांचं सांगणं. सोबत सासू-सासरे होते, त्यामुळे घरची माणसं असलेली बरी, असं आम्हाला वाटलं. थोरला मुलगा दर फोनला आईंच्या गुडघ्यांची चौकशी करायचा. भाडं ठरलं 28,000 रुपये. त्यातले 20,000 निघण्याआधीच यूपीआयने घेतले, तेही तिसऱ्याच माणसाच्या खात्यात. "चचेरे भाई का अकाउंट है, भाभीजी."

श्रीनगरला गाडी वेळेवर आली, चालकही सज्जन होता. पण गाडी त्या कुटुंबाची नव्हती, त्याची स्वतःची होती. गुलमर्गहून परतलो त्या रात्री त्याने हात जोडले. त्याला तिकडून एक रुपयाही मिळाला नव्हता. उद्या डिझेल कशाने भरू, म्हणाला. फोन लावावा तर आमची सिमकार्डं बंद, कारण बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. पोस्टपेड चालतं. हॉटेलच्या वायफायवरून व्हॉट्सॲप केलं. निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही, आणि सकाळपर्यंत आम्हाला ब्लॉक केलेलं होतं. चालकाचे पैसे आम्ही पुन्हा दिले. त्याचा काय दोष? त्यालाही त्यांनी फसवलंच होतं.

पहलगामला आणखी एक गोष्ट कळली. अरू, बेताब व्हॅली, चंदनवाडी इथे श्रीनगरहून आलेली टॅक्सी जात नाही. पहलगामच्या स्टँडवरून स्थानिक युनियनची गाडी घ्यावी लागते. सोनमर्गहून झिरो पॉइंटलाही तसंच. हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं, तरी आम्हाला "सब इन्क्लूडेड" सांगून त्याचे पैसे घेतले होते. गुलमर्गच्या गोंडोलाचंही, म्हणजे तिथल्या केबल कारचंही, तेच. तिकिटं केबल कार महामंडळाच्या संकेतस्थळावर प्रवाशाच्या नावाने निघतात. आमच्या नावाची निघालीच नव्हती. गोंडोलाने अफरवाट शिखरावर जाऊन बर्फ पाहायचं म्हणून सासरे या वयात एवढ्या लांब आले होते. त्याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

तेव्हा गाडीचा नंबर, आरसीचा फोटो आणि चालकाचा फोन आधी मागा. आरसीवरचं मालकाचं नाव आणि पैसे घेणाऱ्याचं नाव जुळत नसेल, तर कारण विचारा. नंबरची पाटी पिवळी, अक्षरं काळी हवीत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकू शकतो. गोंडोलाची तिकिटं स्वतः काढा. आगाऊ रक्कम थोडीच द्या, बाकीची रोजच्या रोज चालकाच्या हातात. आणि कुठल्या ठिकाणी स्थानिक गाडी लागेल, तिचं भाडं कोण देणार, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. फोनवरचं बोलणं नंतर कुणी मान्य करत नाही.

फसलातच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते, त्यासाठी श्रीनगर गाठावं लागत नाही. यूपीआयच्या पावत्या, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि चालकाने लिहून दिलेला कागद जोडून मी पुण्यात तक्रार दाखल करतेय.