ऑनलाइन रेसिंग: गाड्यांचा समतोल, ठोकाठोकी आणि तुमच्यासाठी योग्य गेम

ऑनलाइन रेसिंगचा गेम घेताना बहुतेक जण गाड्यांची यादी, ट्रॅकची संख्या आणि ग्राफिक्स बघतात. थोडे दिवस खेळल्यावर मात्र तक्रारी दोनच उरतात: ‘अमुक गाडी जरा जास्तच पळते’ आणि ‘मागच्याने येऊन ठोकलं’. म्हणून आयरेसिंग, ग्रॅन टुरिस्मो ७ आणि असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने (पुढे नुसतं एसीसी) हे तीन गेम मी याच दोन गोष्टींवर पारखतोय. ल माँ अल्टिमेट आणि फोर्झा मोटरस्पोर्टबद्दल शेवटाकडे थोडक्यात सांगतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दुसरी तक्रार पहिलीपेक्षा कितीतरी मोठी आहे. टक्कर झाल्यावर तिचा निवाडा कोण करतं आणि तुम्हाला कोणाबरोबर शर्यतीत उतरवलं जातं, हे बघून गेम निवडावा. गाड्यांचा समतोल त्यानंतर येतो.

समतोल साधतात कसा

खऱ्या जीटी३ शर्यतींत, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवरून घडवलेल्या रेसिंग गाड्यांच्या शर्यतींत, पोर्शे, फेरारी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज अशा अगदी वेगवेगळ्या घडणीच्या गाड्या एकत्र पळतात. कोणाचं इंजिन पुढे, कोणाचं मधे, तर पोर्शे ९११ चं मागे. २००६ मध्ये जीटी३ ची युरोपियन मालिका सुरू झाली तेव्हापासून या गाड्यांना एका पातळीवर आणायला ‘बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स’, म्हणजेच बीओपी, वापरतात. वेगवान गाडीवर जादा वजन चढवायचं, इंजिनाला मिळणारी हवा रिस्ट्रिक्टरने कमी करायची, टर्बोचा दाब उतरवायचा, गाडीची जमिनीपासूनची किमान उंची ठरवून द्यायची. गेमनी हीच पद्धत उचलली आहे, पण प्रत्येकाने आपापल्या परीने.

एसीसी हा जीटी वर्ल्ड चॅलेंज मालिकेचा अधिकृत गेम. त्यामुळे त्याचा बीओपी ट्रॅकवार ठरतो. एकाच गाडीवर एका ट्रॅकला काही किलो जास्त, तर दुसऱ्या ट्रॅकला कमी. तिन्हींत मला हा सगळ्यात बारकाईने केलेला वाटतो. शिवाय मूळ गेममध्येच भरपूर जीटी३ गाड्या मिळतात, त्यामुळे एक गाडी जमली नाही तर दुसरी घेऊन बघायला वेगळा खर्च नाही.

ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये बीओपी लागू असलेल्या शर्यतीत प्रत्येक गाडीची ताकद आणि वजन टक्क्यांत वरखाली केलं जातं आणि ट्रॅक वेगवान आहे की संथ, तेही त्यात धरलं जातं. तुम्ही गॅरेजमध्ये गाडीवर काय काय बसवलंय, याला इथे किंमत नाही. अडचण वेगळीच आहे. जीआर.३ सारख्या गटात खऱ्या रेसिंग गाड्यांसोबत गेमने स्वतः घडवलेल्या रेसिंग आवृत्त्याही आहेत आणि इतकी सरमिसळ एका तराजूत तोलणं फार अवघड जातं. रोजच्या शर्यती आठवडाभर त्याच असतात. ट्रॅक, टायर आणि इंधनाचा नियम पक्का कळला की दोनतीन दिवसांत सगळे त्याच दोन-तीन गाड्यांवर येऊन थांबतात. यालाच ‘मेटा’ म्हणतात. नवख्याला वाटतं आपण मागे पडतोय ते गाडीमुळे, आणि इथे ते कधीकधी खरंही असतं.

आयरेसिंगमध्ये १२ आठवड्यांचा हंगाम असतो आणि हंगामागणिक गाड्यांचं वजन, ताकद वगैरे जुळवून घेतलं जातं. पण इथे वर्गणी भरल्यावरही बहुतेक गाड्या आणि ट्रॅक सुटे विकत घ्यावे लागतात. आज जी गाडी वरचढ आहे ती पुढच्या हंगामात तशीच राहील याची खात्री नाही. म्हणून मेटा बघून गाडी घेणं इथे सरळ तोट्याचं आहे. चालवायला सोपी वाटते ती घ्या आणि तिच्यावरच हात बसवा.

लॅप सारखा म्हणजे शर्यत सारखी नव्हे

दोन गाड्या मोंझावर, म्हणजे इटलीतल्या वेगवान ट्रॅकवर, एकट्याने पळवल्या आणि दोन्हींचा लॅप १ मिनिट ४८ सेकंदांत आला, तर कागदावर समतोल साधला. पण एक गाडी हा वेळ सरळ पट्ट्यावर कमावते आणि दुसरी वळणांत. शर्यतीत दोघी एकामागे एक आल्या की चित्र पालटतं. सरळ पट्ट्यावर पळणारी गाडी पुढे असेल तर वळणात ती वाट अडवून धरते आणि पट्टा आला की निघून जाते. वळणात तेज असलेल्या गाडीचा वेग पुढच्या गाडीमागे वाया जातो. तिचे पुढचे टायर तापतात, ड्रायव्हर वैतागतो आणि चौथ्या-पाचव्या लॅपला जिथे जागाच नाही तिथे नाक घालतो. समोरासमोरच्या झुंजीत पुरा न पडणारा बीओपी आडदांड ड्रायव्हिंगला असं खतपाणी घालतो. तुमची गाडी वळणांतली असेल तर ओव्हरटेक ब्रेकच्या जागी होणार नाही हे धरून चला. आधीच्या वळणातून लवकर आणि सरळ बाहेर पडून पट्ट्यावर शेजारी यायचं.

तरीही हिशेब करून बघा. समजा तुमची गाडी लॅपमागे ०.३ सेकंदांनी कमी पडते. मोंझावरच्या २० मिनिटांच्या शर्यतीत साधारण ११ लॅप होतात, म्हणजे एकूण तोटा सव्वातीन सेकंदांच्या आसपास. एकदा गाडी गरकन फिरून वाळूत गेली तर यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. नवख्या ड्रायव्हरचे स्वतःचे दोन लॅपसुद्धा एकमेकांपासून सेकंदभर लांब असतात. वरच्या पातळीवर ते ०.३ सेकंद निर्णायक ठरतात हे खरंच. तिथे पोचेपर्यंत शर्यत बिघडते ती टकरींमुळे.

एकच टक्कर, तीन निवाडे

मोंझाचं पहिलं शिकेन, म्हणजे उजवं-डावं अशी लागोपाठची आवळ वळणं, घ्या. किलोमीटरभराहून लांब पट्ट्यावरून गाड्या ताशी अडीचशेच्या पुढे वेग घेऊन येतात आणि अगदी खालच्या गिअरवर येऊन उजवीकडे वळतात. पहिला लॅप, टायर थंड, वीस-पंचवीस गाड्या चिकटून. पुढचे जरा लवकर ब्रेक मारतात, त्यांच्यामागचे आणखी लवकर, आणि मागे येईपर्यंत सगळी रांग आवळली जाते. याच वेळी मागचा ड्रायव्हर स्लिपस्ट्रीममध्ये, म्हणजे पुढच्या गाडीच्या आडोशाला, असतो. हवेचा अडथळा कमी, म्हणून त्याचा वेग नेहमीपेक्षा जास्त. डाउनफोर्सही (हवेने गाडी जमिनीवर दाबणारा जोर) कमी, म्हणून ब्रेकची पकड कमी. तो सरावातल्या नेहमीच्या फलकापाशी ब्रेक दाबतो आणि पुढच्या गाडीच्या उजव्या कोपऱ्यावर आदळतो. पुढची गाडी आडवी होते. मागच्याचा हेतू वाईट नव्हता, पण चूक सर्वस्वी त्याची.

आयरेसिंगमध्ये जोरदार धक्का असेल तर दोघांच्याही खात्यावर ४-४ इन्सिडेंट गुण पडतात. दोष कोणाचा हे सिस्टीम बघतच नाही. ट्रॅक सोडला तर १, ताबा सुटला तर २, दुसऱ्या गाडीला ठोकलं तर ४, असा सरळ हिशेब. गुण फार झाले की शर्यतीत शिक्षा होते किंवा बाद व्हावं लागतं, आणि सेफ्टी रेटिंग (किती जपून चालवता याचा आकडा) उतरतं ते वेगळंच. पहिल्यांदा हे भोगताना अन्याय झाल्यासारखं वाटतं. पण शेकडो वळणांची सरासरी निघते तेव्हा जपून चालवणारा वरच राहतो. शिवाय मागच्यावर भरवसा किती ठेवायचा, पहिल्या वळणात आतली बाजू उघडी ठेवायची की नाही, हे माणूस आपोआप शिकतो. कोणी मुद्दाम ठोकलं असेल तर रिप्ले जोडून प्रोटेस्ट दाखल करता येतो. तो माणसं तपासतात आणि दोषी खात्यावर बंदीसुद्धा येते. खेळाडू खऱ्या नावाने उतरतात, याचाही धाक असतोच.

ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये निवाडा जागच्या जागी आणि आपोआप होतो. गेमला जो दोषी वाटेल त्याला काही सेकंदांची शिक्षा, आणि ती ट्रॅकवर ठरावीक जागी वेग गमावून भोगायची. स्पोर्ट्समनशिप रेटिंगही घसरतं. निकाल लगेच लागतो हे चांगलं. पण यंत्राला टक्कर दिसते, तिच्या आधीचे तीन सेकंद नीट वाचता येत नाहीत. ब्रेक मारताना वाट बदलून आडवा आलेला सुटतो आणि मागून लागलेल्याला शिक्षा होते, असं घडतं. याउलटही होतं. रोजच्या शर्यतीत दाद मागायला कोणी माणूस पंच नाही. हळू पडलेली किंवा भलत्या दिशेला तोंड करून थांबलेली गाडी घोस्ट होते, म्हणजे इतर गाड्या तिच्यातून आरपार जातात, त्यामुळे एका टकरीतून पुढच्या चार होत नाहीत. ही सोय मला मनापासून आवडते.

एसीसीच्या खुल्या सर्व्हरवर वळण कापल्याचे इशारे मिळतात आणि फार झालं तर ड्राइव्ह-थ्रू, म्हणजे पिटमधून संथ जाऊन यायचं. मोंझावर झाली तशा टकरीचा परिणाम मात्र मुख्यतः रेटिंगवर दिसतो. ० ते ९९ अशा सेफ्टी रेटिंगमधून गुण जातात आणि शर्यत तशीच चालू राहते. या रेटिंगची एक गोष्ट फार चांगली आहे. इतर गाड्यांच्या अगदी जवळून, न लागता चालवलं की ते चढतं. नुसतं एकटं मागे राहून ते फारसं वाढत नाही. सर्व्हर चालवणारा किमान रेटिंगची अट घालू शकतो, आणि अट नसलेल्या सर्व्हरवर पहिल्या वळणात काय होतं ते सांगायला नको. पीसीवर असाल तर लो फ्युएल मोटरस्पोर्ट या बाहेरच्या व्यासपीठावरून खेळा. तिथे वेळापत्रकाने शर्यती होतात, स्वतंत्र रेटिंग असतं आणि टकरीची तक्रारही करता येते. कन्सोलवर हा मार्ग नाही. पीसी आणि कन्सोलचे खेळाडू एसीसीत एकत्रही येत नाहीत. म्हणून कन्सोलवाल्याला एसीसी घ्यायची असेल तर आधी चांगली लीग शोधावी आणि मग गेम घ्यावा.

शेजारी कोण उभं राहणार

ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये वेगाचं रेटिंग ई पासून ए प्लसपर्यंत आणि वागणुकीचं ई पासून एस पर्यंत. जोड्या लावताना दोन्ही बघितली जातात. स्वच्छ चालवून एस गाठलात की आसपासचे ड्रायव्हर लक्षात येण्याइतके बदलतात. सुरुवातीला वेगाचा मोह सोडून हेच रेटिंग आधी वाढवावं, असं मी प्रत्येकाला सांगतो.

आयरेसिंगमध्ये सेफ्टी रेटिंग लायसन्स ठरवतं: रूकी (नवखा), मग डी, सी, बी, ए. मोठ्या शर्यतींची दारं त्यानेच उघडतात. पण आत गेल्यावर कोणत्या गटात टाकायचं हे आयरेटिंगवर, म्हणजे निकालांवर ठरतं. म्हणून तिथे वेगवान पण धसमुसळा माणूसही शेजारी येऊ शकतो. रूकी गटातली गर्दी तर सगळ्यांनाच पार करावी लागते. तेवढ्यावरून गेमबद्दल मत बनवू नका.

नेटवर्कचा मुद्दा तिन्हींना लागू आहे. ताशी २५० किमी वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ७० मीटर जाते. १०० मिलिसेकंदांच्या उशिरात ७ मीटर, म्हणजे गाडीच्या लांबीपेक्षा जास्त. दुसऱ्याची गाडी तुम्हाला दिसते ती अंदाजाने दाखवलेल्या जागी. तुम्हाला न लागलेला धक्का त्याला लागलेला दिसू शकतो. वायफाय सोडून केबल लावा आणि लांबच्या सर्व्हरवर शेजारी अर्धी गाडी जास्त जागा सोडा.

बाकीचे दोन

ल माँ अल्टिमेट हा जागतिक एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या) अजिंक्यपद मालिकेचा अधिकृत गेम, फक्त पीसीवर. २०२४ मध्ये तो अर्ली अॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला, आला. इथेही वेगाची आणि सुरक्षिततेची वेगळी श्रेणी आहे. हायपरकार (सगळ्यात वेगवान गट) आणि जीटी गाड्या एकाच ट्रॅकवर पळतात, त्यामुळे मागून दुप्पट घाईने येणाऱ्याला वाट कशी द्यायची हे जमलेलं असावं लागतं. पहिला गेम म्हणून मी तो सुचवणार नाही.

२०२३ च्या फोर्झा मोटरस्पोर्टमध्ये गाड्यांना परफॉर्मन्स इंडेक्सचा आकडा असतो आणि तुम्ही सुटे भाग चढवून त्या आकड्यापर्यंत गाडी बांधता. सारखा आकडा म्हणजे सारखी गाडी असं होत नाही. बांधणीत हुशार असलेला आधीच पुढे असतो. ज्यांना गाडी जुळवण्यातच रस आहे त्यांना ते आवडेल. ठोकाठोकीवर यंत्रच पंच.

तर मग घ्यायचा कोणता

प्लेस्टेशन आणि कंट्रोलर असेल, रोज अर्धा तास मिळत असेल, तर ग्रॅन टुरिस्मो ७. यंत्राचे चुकीचे निवाडे सोसायची तयारी ठेवा. पीसी आणि स्टीअरिंग व्हील असेल, मन फक्त जीटी३ मध्ये असेल आणि सुट्या खरेदीचा खर्च नको असेल, तर एसीसी, पण खुल्या सर्व्हरवर वेळ न घालवता. मुद्दाम ठोकणाऱ्याला कोणीतरी जाब विचारलाच पाहिजे असं तुम्हाला वाटत असेल, आणि वर्गणी परवडत असेल, तर आयरेसिंगला आज तोड नाही. मी स्वतः या तिन्हींत त्यालाच पहिला मान देतो.

कुठलाही घेतलात तरी सुरुवात एकाच मॉडेलच्या गाड्यांच्या शर्यतीने करा. आयरेसिंगमध्ये माझदा एमएक्स-५, एसीसीत पोर्शे कप, ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये ज्या आठवड्यात सगळ्यांना एकच गाडी असेल ती शर्यत. बीओपीचा प्रश्नच निकालात निघतो आणि समोरचा पुढे गेला तर तो का गेला, हे रिप्लेत स्वच्छ दिसतं. रिप्ले बघताना आपली गाडी सोडून एकदा ठोकणाऱ्याच्या कॅमेऱ्यातून बघा. तक्रार करायची की नाही, आणि केलीच तर कोणत्या सेकंदावर बोट ठेवायचं, ते तिथूनच कळतं.