‘नर्व्हस सिस्टिम रीसेट’चे बेचाळीस हजार

‘साउंड हीलिंग’, ‘व्हेगस अ‍ॅक्टिव्हेशन’, ‘नर्व्हस सिस्टिम रीसेट’ अशा नावांची पॅकेजं सध्या पुण्यात जिथे तिथे विकली जात आहेत. अशा एका केंद्रात माझे ४२,००० रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे त्यांच्या सांगण्यावरून माझ्या चालू गोळ्या बंद झाल्या. ज्यांना अँग्झायटीचा त्रास आहे, ज्यांच्या घरात असं कुणी आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. तक्रार ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे केंद्राचं नाव देत नाही.

मला अँग्झायटीसाठी एस्सिटॅलोप्रॅम ही गोळी चालू होती. छातीतली धडधड आणि अचानक जीव घाबरा होणं बरंच कमी झालं होतं, झोप मात्र अजून लागत नव्हती. त्यातच सोसायटीच्या ग्रुपवर ४९९ रुपयांच्या ट्रायल सेशनची जाहिरात आली.

त्या पहिल्या सेशनला खरोखर बरं वाटलं. हे मुद्दाम सांगते, कारण माणूस अडकतो तो इथेच. मंद उजेडात मॅटवर आडवं व्हायचं, डोळ्यांवर पट्टी, फोन बाहेर, आणि आजूबाजूला काशाचे बाउल आणि गाँग घुमत असतात. तासभर असं पडून राहिलं की श्वास आपोआप संथ होतो. श्वास लांबवर सोडला की व्हेगस नर्व्हच्या, म्हणजे मेंदूतून हृदय आणि पोटाकडे जाणाऱ्या नसेच्या, प्रभावाने हृदयाचे ठोके मंदावतात, हे शरीरशास्त्रात पक्कं माहीत असलेलं आहे. शस्त्रक्रियेआधी संगीत ऐकवल्याने रुग्णांची भीती काही प्रमाणात कमी होते, असं कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०१३च्या आढाव्यात २६ चाचण्यांवरून दिसलं होतं. एवढं खरं आहे, आणि एवढ्यासाठीच कुणी ४९९ रुपये घेतले तर माझी काहीच तक्रार नाही.

फसवणूक सुरू झाली ती मी उठून बसल्यावर. अंग सैल पडलेलं, मन हलकं झालेलं. त्याच वेळी हातात पितळी दांडी देऊन ‘स्कॅन’ केला आणि रंगीत कागद पुढे ठेवला: व्हेगस टोन ३१ टक्के, ‘नर्व्हस सिस्टिम फ्रीझ मोडमध्ये’. केंद्राच्या मॅडम म्हणाल्या, “ताई, एवढ्या कमी टोनवर तुम्ही उभ्या कशा राहता? आज ठरवलंत तर पॅकेज निम्म्या किमतीत बसेल.” नंतर माझ्या डॉक्टरांनी सांगितलं की असा टक्केवारीचा आकडा वैद्यकशास्त्रात नाहीच. व्हेगसच्या कामाचा अंदाज ईसीजीवरून, दोन ठोक्यांमधल्या अंतरातले बारीक बदल मोजून घेतात. हातात दांडी धरून तो कळत नाही. माझ्याच वेळी आलेल्या दुसऱ्या बाईंशी नंतर बोलणं झालं. त्यांच्या कागदावरही ३१ टक्केच होते.

पॅकेजमध्ये सेशन्स, एक ‘सप्तधातूचा तिबेटी बाउल’ आणि रोज ऐकायची ऑडिओ फाइल होती. पैसे ईएमआयवर, तेही तिथल्या तिथे मोबाइलवरून.

बाउलचं आधी सांगते. धातूंची तपासणी झाली तेव्हा असे बाउल मुख्यतः तांबं आणि कथील यांचे, म्हणजे साधे काशाचेच निघाले आहेत. आज ते नेपाळात आणि भारतातही बनतात. आपल्या घरात तळपायाला तूप लावून घासायची काशाची वाटी असते, तोच हा धातू. वस्तू वाईट नाही, आवाजही गोड आहे. पण पावतीत त्याचे एकट्याचे १४,००० लावले होते.

मग ४३२ हर्ट्झ. ‘४४० हर्ट्झने माणसाची नस अस्वस्थ होते, ४३२ ही निसर्गाची लय आहे,’ असं प्रत्येक सेशनमध्ये ऐकवलं जायचं. ४४० हा पाश्चात्त्य संगीतातल्या ‘ए’ या सुराचा आकडा. वाद्यं एकमेकांशी जुळावीत म्हणून तो ठरवला गेला: १९३९ साली लंडनच्या परिषदेत, आणि पुढे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून. शिवाय हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, आणि सेकंद हे माप माणसाने ठरवलेलं आहे. आपल्याकडे तर प्रत्येक गायक आपल्या गळ्याला मानवेल तो सा धरतो, कुणाची काळी एक, कुणाची काळी चार. ऐकणाऱ्याला शांत वाटतं ते या सगळ्या पट्ट्यांमध्ये.

ऑडिओ फाइलबद्दल त्यांचा दावा होता की ती ‘बायनॉरल बीट्स’ची आहे. एका कानात ४०० आणि दुसऱ्यात ४०४ हर्ट्झचा सूर गेला की मेंदूला सेकंदाला ४ वेळा हेलकावा जाणवतो. डोव्ह या शास्त्रज्ञाने हे एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं आहे. त्यासाठी दोन्ही कानांत वेगळे सूर जायला हवेत, म्हणजे हेडफोन हवाच. आम्हाला मात्र ती फाइल ऐकायला एकच ब्लूटूथ स्पीकर विकला. माझा भाचा साउंडचं शिकतो. त्याने फाइल ऑडॅसिटी या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तर डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी. पावसाचा आवाज आणि एक सूर, बाकी काहीही नाही.

आता गोळ्या. “मेडिसिनमुळे फ्रीक्वेन्सी आत पोहोचत नाही,” असं सांगून त्यांनी गोळी एकदम थांबवायला लावली. काही दिवसांतच चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं, विनाकारण रडू, चिडचिड आणि धडधड सगळं एकत्र आलं. मॅडमचं उत्तर ठरलेलं होतं: “ताई, बॉडी रिलीज करतेय. हा हीलिंग क्रायसिस आहे, आता थांबू नका.” सोबत पुढच्या टप्प्याचं २८,००० चं कोटेशन. ही लक्षणं गोळी अचानक सोडल्यावर येतात, ती औषधाच्या माहितीपत्रकातही छापलेली असतात. माझ्या नवऱ्याने मला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि सांगितलं की बंद करायची वेळ येईल तेव्हा डोस हळूहळू उतरवू. या बाबतीत मी कुणाचंही समर्थन ऐकून घेणार नाही. आजारी माणसाचा वाढलेला त्रास उपचाराचं यश म्हणून दाखवणं आणि त्यावर पुढचं पॅकेज विकणं हा क्रूरपणा आहे.

पैसे परत मागितले तेव्हा ‘नो रिफंड’ लिहिलेल्या फॉर्मवरची माझी सही दाखवली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष सेवा बंद करून पैसे परत द्यायला नकार देणं, पावती न देणं, हे अनुचित व्यापारी प्रथेत येतं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. मी नोटीस पाठवल्यावर न झालेल्या सेशन्सचे पैसे आले, बाउल आणि स्पीकरचे अजून अडकले आहेत. स्कॅनचा कागद, ईएमआयचे मेसेज आणि मॅडमच्या व्हॉइस नोट्स जपून ठेवल्या होत्या, त्यांचाच उपयोग झाला. गोळी थांबवायला सांगणारी व्हॉइस नोट सगळ्यात महत्त्वाची ठरली.

कुणी स्वतःला थेरपिस्ट म्हणवत असेल तर नोंदणी क्रमांक मागा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, मानसोपचारतज्ज्ञांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि तुमच्या ओळखीच्या कुणी अशा केंद्रात जाऊन गोळ्या नुकत्याच थांबवल्या असतील, तर आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून द्या.