ॲम्प सीटखाली, डिकीत की सबवूफरच्या बॉक्सवर?

गाडीतल्या स्पीकरना ताकद देणारा ॲम्प (ॲम्प्लिफायर) विकत घ्यायचा, घरी आणायचा आणि मग तो हातात धरून गाडीत जागा शोधत फिरायचं, असं बहुतेक जण करतात. मीही केलं. आधी जागा मोजून मग ॲम्प घेतला असता तर माझा अख्खा रविवार वाचला असता.

जागा ठरवताना पहिला विचार होतो तो वायर किती लागेल याचा. मी आधी उष्णता बघतो. ॲम्पचे मुख्य प्रकार दोन, क्लास डी आणि क्लास एबी. क्लास डी ॲम्प पूर्ण ताकदीवर साधारण ८० ते ९० टक्के वीज आवाजाच्या कामी लावतो, तर क्लास एबी ५० ते ६५ टक्के. दोघांकडून ४०० वॅट घ्यायचे म्हटले, तर ८० टक्केवाला क्लास डी १०० वॅट उष्णता बाहेर टाकेल आणि ६० टक्केवाला एबी सुमारे २६५ वॅट. गाणं काही सतत पूर्ण ताकदीवर वाजत नाही, त्यामुळे रोजचे आकडे कमी असतात. पण कमी आवाजावर एबीची कार्यक्षमता आणखी घसरते, हेही खरं. थोडक्यात, तुमचा ॲम्प एबी असेल तर अर्ध्या जागा इथेच बाद होतात.

सीटखाली

चार चॅनलचा, म्हणजे चार स्पीकर चालवणारा, छोटा क्लास डी ॲम्प असेल तर माझी पहिली पसंती पुढच्या सीटखालच्या जागेला, तीही ड्रायव्हरच्या नाही, शेजारच्या. स्टिरिओ जवळ, दरवाज्यांतले स्पीकर जवळ, डिकी मोकळी, आणि बाहेरून कुणाला काही दिसत नाही.

अडचण उंचीची. टेप घेऊन मोजलेलं माप इथे फसवतं, कारण माणूस बसला की सीटच्या खालच्या स्प्रिंगा झुकतात. त्यापेक्षा ॲम्पच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करा, उंचीत दोन-तीन सेंटीमीटर हवेसाठी वाढवा आणि तो सीटखाली ठेवा. सीट वर-खाली होत असेल तर सगळ्यात खाली आणा. मित्रमंडळींतल्या सगळ्यात वजनदार माणसाला वर बसवा आणि सीट पुढे-मागे पूर्ण सरकवा. खोका काढून बघा. कोपरा चेपला असेल किंवा वर ओरखडा असेल, तर हा ॲम्प तिथे बसणार नाही.

खोका सुखरूप बाहेर आला तरी हातात टॉर्च घेऊन एकदा खाली वाका. एअरबॅग आणि सीटवर कुणी बसलंय का हे ओळखणारा सेन्सर यांच्या वायरी बऱ्याच गाड्यांत इथूनच जातात. त्यांचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात. त्यांना हात लावू नका आणि ॲम्पची वायर त्यांना घासणार नाही असं बघा. ओल्या बुटांचं पाणीही कार्पेटमधून इथेच मुरतं, म्हणून ॲम्प थेट कार्पेटवर न ठेवता पट्टीवर उचलून बसवावा.

माझी गंमत वेगळीच झाली. थंडीत लांबच्या प्रवासाला निघालं की अर्ध्या तासाने गाणी बंद. दहा मिनिटांनी आपोआप सुरू. मी आधी फ्यूज तपासला, मग अर्थची (गाडीच्या पत्र्याला जोडलेली) वायर, मग स्टिरिओवर संशय घेतला. शेवटी सीटखाली हात घातला तेव्हा कळलं: मागच्यांच्या पायांसाठी हीटरची हवा सोडणारं तोंड नेमकं ॲम्पवर होतं. ॲम्प बिचारा तापून स्वतःला वाचवत होता.

डिकीत

एबी ॲम्प, मोठा मोनोब्लॉक (एकाच चॅनलचा ॲम्प) किंवा दोन ॲम्प असतील तर डिकीच. इथे हवा मिळते, हात पोचतो, आणि सबवूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) असेलच तर तोही शेजारी. डिकीतही सगळ्या जागा सारख्या नाहीत. बाजूची भिंत सगळ्यात चांगली: प्लायवूडचा तुकडा बसवायचा, त्यावर ॲम्प, आणि हीटसिंकचे (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाचे) कंगोरे उभे, म्हणजे तापलेली हवा त्यांच्यामधून सरळ वर निघून जाते. मागच्या सीटच्या पाठीवर लावणं सोपं, पण सीट दुमडणारी असेल तर वायरींना तेवढी ढील ठेवावी लागते, आणि तुम्ही सीट वरचेवर दुमडत असाल तर तो नाद सोडाच. तळाशी ठेवला तर एखादी बॅग त्यावर आपटणारच. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचतं. मागच्या काचेखालच्या फळीला ॲम्प उलटा टांगलेलाही पाहिला आहे; त्यात उष्णता वर चढून पुन्हा सर्किटमध्येच जाते. कंपनीच्या माहितीपत्रकात परवानगी असेल तरच असं करा.

डिकीची किंमत वायरीत मोजावी लागते. बॅटरी पुढे असेल तर पाच मीटर केबल सहज लागते. ५० अँपिअर प्रवाहाला ८ गेजच्या (गेजचा आकडा लहान तेवढी केबल जाड) तांब्याच्या तेवढ्या केबलमध्ये सुमारे अर्धा व्होल्ट गळतो; ४ गेजमध्ये ०.२ व्होल्ट. स्वस्त केबल बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के, म्हणून ती घ्यायची तर निदान एक माप जाड घ्या. स्टिरिओकडून ॲम्पला गाण्याचा सिग्नल आणणारी आरसीए केबल पॉवर केबलच्या उलट बाजूने न्यावी, नाहीतर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येऊ शकते. काही गाड्यांत बॅटरी मुळातच डिकीत असते. तुमची तशी असेल तर हा परिच्छेद विसरा आणि डिकीच निवडा.

बॉक्सवर

सबवूफरच्या लाकडी बॉक्सवरच ॲम्प ठोकायचा मोह मी समजू शकतो. वायर वीतभर, आणि सगळं कसं सुटसुटीत दिसतं. पण बॉक्स दिवसभर थरथरतो. टर्मिनलचे स्क्रू सैल होतात, आरसीएच्या जॅकचं सोल्डर तडकतं, आणि बॉक्समध्ये गेलेला स्क्रू नीट सील झाला नाही तर हवा फुसफुसायला लागते. सामानासाठी बॉक्स काढायचा झाला की सगळ्या जोडण्या सोडायच्या, हे वेगळंच. आतच ॲम्प असलेले तयार सबवूफर मिळतात, ते या थरथरीचा हिशेब करूनच बनवलेले असतात. त्यांच्याकडे बघून वेगळा ॲम्प बॉक्सवर लावू नका.

डॅशच्या मागे

हे फक्त तळहाताएवढ्या क्लास डी ॲम्पसाठी. गाडीला जुळणारा हार्नेस (तयार वायरींचा जुडगा) मिळाला तर काम झटपट होतं, पण एसीचा बॉक्स, एअरबॅग आणि वायरींच्या गर्दीत हवा जेमतेम असते. पुढे गेन (ॲम्पवरची सिग्नलची पातळी) बदलायचा झाला की पुन्हा डॅश उघडा.

जागा कुठलीही ठरो, ड्रिल लावण्याआधी गाडीखाली वाकून बघा. बऱ्याच गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटच्या खालीच असते, आणि ब्रेकच्या नळ्या जमिनीच्या पत्र्याला लागून जातात. ड्रिलच्या टोकापासून पाच मिलीमीटरवर जाड टेप गुंडाळला की बिट त्याहून खोल जात नाही. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत नारिंगी (उच्च व्होल्टेजच्या) केबलच्या आसपास फिरकू नका, आणि मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा देणारी जाळी असेल तर ती झाकू नका. बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत फ्यूज हवाच. अर्थची वायर अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको, पॉवरच्याच जाडीची हवी, आणि पत्र्याचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडून कसलेली हवी. सीटबेल्टचा बोल्ट अर्थसाठी वापरू नये.

माझा ॲम्प आता डिकीच्या डाव्या भिंतीवर आहे. पहिल्यांदा लावला तेव्हा गेनचे नॉब भिंतीकडे गेले होते. चारही स्क्रू काढून तो फिरवून परत बसवावा लागला.