काठमांडूतल्या बालगृहासाठी वाळूचा फिल्टर की कँडलचा?

काठमांडू खोऱ्यातल्या बालगृहात दोन-तीन आठवडे काम करायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटाने पिण्याचं पाणी हाती घेतलं, की पर्याय बहुधा दोन उरतात: जागेवर ओतून केलेला काँक्रीटचा बायोसँड, म्हणजे आतल्या वाळूतून पाणी गाळणारा फिल्टर, नाहीतर बाजारातला तीन कँडलचा स्टीलचा. आरओ मी धरतच नाही. टँकरने पाणी विकत घेणाऱ्या घरात निम्मं पाणी मोरीत सोडणारं यंत्र कोण चालवणार?

क्षमतेवरून निवड होत नाही. 40 मुलं, 5 कर्मचारी, माणशी अडीच लिटर, म्हणजे रोज 110 ते 115 लिटर. बायोसँडमध्ये एका वेळी 12 लिटर ओतायचे, दिवसातून चारदा, दोन ओतण्यांमध्ये किमान तासभर थांबून. झाले 48 लिटर. कँडल नवी असेल तर ताशी लिटर-सव्वा लिटर देते. वरचं भांडं रात्रीचं धरून चार वेळा भरलं तर एका फिल्टरमागे 40-45 लिटर मिळतात. दोन्हीकडे तीन-तीन नग लागतात.

वाळूच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. कॅलगरी विद्यापीठाच्या डेव्हिड मान्झ यांनी 1990च्या दशकात विकसित केलेल्या या फिल्टरला सुटे भाग जवळजवळ नाहीतच. खोऱ्यातल्या बोअरच्या पाण्यातलं लोह आणि थोडा गढूळपणा तो चांगला सोसतो, जिथे कँडल चार दिवसांत तांबूस होऊन बसते. मुलांसाठी काहीतरी हाताने बांधल्याचं समाधानही मिळतं, आणि गटाला तेच हवं असतं हे उघड आहे.

पण वेळापत्रक मांडून बघा. एकच लोखंडी साचा असेल तर दिवसाला एक फिल्टर निघतो, कारण ओतल्यावर जवळपास 24 तास साचा सोडवता येत नाही. वाळू-खडी चाळण्यात पहिला दिवस, ओतण्यात पुढचे तीन, मग काँक्रीट ओलं ठेवून आठवडाभर पक्कं होऊ द्यायचं. 0.7 मिमीच्या चाळणीतून गाळलेली वाळू धुणं हे वेगळंच काम. कमी धुतली तर फिल्टर तुंबतो, जास्त धुतली तर बारीक कण निघून जातात आणि पाणी भसाभस वाहतं; धार मिनिटाला 0.4 लिटरच्या वर जाता कामा नये. एवढं करून वाळू भरेपर्यंत बारावा दिवस उजाडतो. जंतू मारण्याचं बरंचसं काम वाळूच्या वर जमणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या जैविक थराचं असतं आणि तो तयार व्हायला 30 दिवसांपर्यंत लागतात. गट पंधराव्या दिवशी परततो.

माझ्यासाठी निर्णय इथेच झाला. आपल्याकडे ग्रामपंचायतीत वापरतात तीच एचटूएसची, म्हणजे दूषित पाण्याने काळी पडणारी तपासणीची बाटली निघण्याआधी लावली, तर ती काळी पडण्याचीच शक्यता जास्त. तो दोष फिल्टरचा नाही, अपुऱ्या दिवसांचा आहे. पण स्वयंपाकघरातल्या दिदींना दिसते ती काळी बाटली. त्या पुन्हा गॅसवर पाणी उकळू लागतात, फिल्टरमध्ये रोज पाणी ओतणं थांबतं, आणि थर कधी पिकतच नाही.

दुसरी अडचण दशैंची, म्हणजे नेपाळी दसऱ्याची. सुट्टीत बरीच मुलं गावी नातेवाइकांकडे जातात आणि ओतणं बंद पडतं. 48 तासांपेक्षा जास्त खंड पडला की थराची उपासमार सुरू होते. तोटीवर कोणी पाइप जोडला तर वाळूवरचं 5 सेंटिमीटर पाणी ओढलं जाऊन थर उघडा पडतो. भरलेला फिल्टर दीडशे किलोच्या आसपास जातो. तो हलवला की वाळू बसते, मग सगळं नव्याने भरा.

कँडल निर्दोष आहे असं नाही. ती फुटते, आणि वॉशर नीट बसला नाही तर कच्चं पाणी थेट खाली उतरतं. नट हातानेच आवळा. पक्कड लावली की प्लॅस्टिकचा देठ तडकतो. बसवण्याआधी भिजवलेली कँडल पाण्यात बुडवून देठातून फुंकर मारावी. एकाच जागेवरून बुडबुड्यांची रांग आली तर चीर आहे, दुकानदाराला परत द्या. घासायला मऊ ब्रश, साबण नाही. विषाणू कँडल नीट अडवत नाही, म्हणून खालच्या भांड्यात 'पीयूष' हे नेपाळमध्ये मिळणारं क्लोरीनचं द्रावण: लिटरला 3 थेंब, 20 लिटरला 3 मिलि, आणि अर्धा तास थांबायचं. खोल बोअरच्या पाण्यात अमोनिया असला तर तो क्लोरीन खाऊन टाकतो, तेव्हा उरलेलं क्लोरीन किटवर बघून घ्यावं, लिटरला 0.2 मिलिग्रॅम तरी हवं.

मात्र हा फिल्टर पहिल्या दिवशी चालू होतो. म्हणजे उरलेले दिवस शिकवण्यात घालवता येतात, आणि सुट्टीत कँडल वाळवून ठेवली तरी बिघडत नाही.

दीड महिना राहणार असाल किंवा नंतर देखरेख करणारी स्थानिक संस्था असेल, तर वाळूचा विचार जरूर करावा. तराईत, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यात, विशेषतः नवलपरासीकडे, आर्सेनिकची तपासणी आधी. तिथे वर 5 किलो लोखंडी खिळ्यांचा थर असलेला बायोसँडचा 'कंचन' प्रकार लागतो, कँडलचा तिथे उपयोग नाही.

बाकी ठिकाणी तीन स्टीलचे फिल्टर, नऊ जादा कँडल आणि मूठभर वॉशर. बालगृह चालवायची परवानगी आहे का, हे तिकिटं काढण्याआधी विचारा. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर तिहारमुळे काही दिवस दुकानं बंद असतात, तेव्हा खरेदी आधी उरका.