सिलिकॉनचे कपकेक मोल्ड: वरून मस्त फुगले, खाली चिकट राहिले

बारा सुट्या मोल्डचा रंगीबेरंगी सेट घेतला होता, ते मऊ, सुरळी करता येतात तसे. आधीच सांगते, मोल्ड खराब नाहीयेत, फाटत नाहीत, रंग जात नाही, पण कपकेकसाठी म्हणून घेणार असाल तर जरा थांबा आणि हे वाचून मग काय ते ठरवा.

साधाच व्हॅनिला कपकेक केला. मैदा, बेकिंग पावडर, बटर, साखर, अंडी, दूध, नेहमीचं प्रमाण. ओव्हन १८० डिग्रीला नीट प्रीहीट केलेला, वेळ २० मिनिटं, कारण सोबतच्या कागदावर स्वच्छ लिहिलंय की तुमची नेहमीची रेसिपी आहे तशीच वापरा, मोल्डला तेल-बटर काही लावायची गरज नाही. २० मिनिटांनी बघितलं तर वरून एकदम सुरेख, सोनेरी, टम्म फुगलेले, टूथपिकही मधोमध घातली तर कोरडी बाहेर आली. म्हटलं झालं काम. आणि मग मोल्ड सोलायला घेतला तर बाजू पांढरट, तळ ओलसर, आणि मोल्डला त्या ज्या चुण्या असतात ना उभ्या, त्या प्रत्येक चुणीत केकचा पातळ थर चिकटून बसलेला. वरचा अर्धा भाग स्पंजसारखा हलका आणि खालचा बोटाला चिकटणारा, म्हणजे एकाच कपकेकमध्ये दोन वेगळे केक. चव छान होती, ते मात्र खरं.

याचं कारण सरळ आहे. सिलिकॉन उष्णता फार हळू पोचवतं, पत्र्याचा टिन पटकन तापतो आणि बॅटरला बाजूने आणि खालून लगेच उष्णता देतो म्हणून तिथे ती खरपूस कड येते. सिलिकॉनमध्ये वरच्या बाजूला गरम हवा थेट लागते, ती भराभर लाल होते आणि आतली कड मागेच राहते. त्यात पेपर लायनरमधून थोडी तरी वाफ निघून जाते, सिलिकॉनमधून अजिबात नाही, त्यामुळे बाहेर काढल्यावर कपकेक त्याच मोल्डमध्ये गार होऊ दिले की ती वाफ पाणी होऊन तळातच मुरते. कागदावर यातलं एक अक्षर नाही, याचा मला खरंच राग आला. साचा बदलला की वेळ बदलते हे नवीन करणाऱ्याला कोण सांगणार?

दुसरी तक्रार आकाराची. बॉक्सवर एकेक मोल्ड सुटा, ऐटीत उभा दाखवलाय, पण बॅटर भरलं की ते हातात धरताच दबतात आणि कडेने बॅटर सांडतं. ट्रेमध्ये जवळजवळ ठेवले तर एकमेकांना रेटून लंबगोल होतात आणि कपकेकही तसेच भाजले जातात, त्यावर फ्रॉस्टिंगचा गोल काढायला गेलं की एका बाजूने केक उघडा दिसतो.

पुढच्या खेपेला बरंच जमलं, ते सांगते, कारण ज्यांच्याकडे हे मोल्ड आधीच आहेत त्यांना उपयोग होईल. पातळ लोखंडी ट्रे ओव्हनमध्येच गरम होऊ द्यायचा, मोल्ड दुसऱ्या थंड ट्रेवर अंतर सोडून मांडून तिथेच भरायचे, दोन तृतीयांशच, त्याच्यावर नाही, आणि मग उचलून गरम ट्रेवर ठेवायचे. एक खालचा रॅक घ्यायचा, तापमान १७० आणि वेळ पाच-सहा मिनिटं जास्त. तापमान कमी ठेवलं की वरचा भाग घाईने घट्ट होत नाही, नाहीतर वरच्या कडा आधीच घट्ट होतात आणि मधलं बॅटर वर यायला जागा शोधत वरचं कवच फोडून बाहेर येतं. मोल्डला बटरचा हात लावायचाच, कागदावर काहीही लिहिलेलं असो. आणि टूथपिक मधोमध न घालता तिरकी, तळाच्या कडेपर्यंत घालून बघायची. बाहेर काढल्यावर पाचेक मिनिटांत सोलून वायर रॅकवर.

एवढं करूनही टिनसारखी कड येत नाही, फक्त तळ शिजतो. मला ती कड आवडते, म्हणून मी कपकेकसाठी परत टिन आणि पेपर लायनरवरच आलेय.

धुताना पण बघा, चुण्यांमध्ये तेलाचा चिकट थर राहतो, नुसत्या साबणाने जात नाही, गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून मऊ ब्रशने काढावा लागतो.

जेली, चॉकलेट, उरलेला फळांचा गर फ्रीज करायला हे मोल्ड झकास आहेत, उलटे करून दाबलं की अख्खा तुकडा बाहेर येतो, कुठे तुटत नाही. त्यासाठी पाचपैकी साडेचार. कपकेकसाठी दोन, आणि तेही टिकाऊ आहेत म्हणून.